चावी कोणी काढली

हवालदारांनी चावी काढली नव्हती. मी काढली होती. एवढी दोन वाक्यं तोंडातून बाहेर पडायला मला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत एका मुलीची पोलीस भरती माझ्यामुळे जायच्या बेतात आली. मी मुळातच कमी बोलणारा. सासरी मला 'मुका जावई' म्हणत. कॅमेरा चालवणाऱ्याने कमीच बोलावं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. त्या आडोशाला मी बराच काळ उभा होतो.

लाखनीतल्या एका केबल चॅनलवर मी कॅमेरा चालवायचो. लग्नसराईत लग्नं, एरवी बातम्या. मालकाने एक कार्यक्रम काढला होता, हायवेवरच्या नाकाबंदीचा. पोलीस गाड्या अडवणार, आम्ही ते दाखवणार, बस. हेल्मेट नसलेले, एका गाडीवर तिघं बसलेले, फोन कानाला लावून चाललेले. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी लागायचा आणि लोक जेवणाची ताटं घेऊन बघायचे, कारण अडवला जाणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा निघायचा. मग आठवडाभर त्याला 'काल टीवीवर चमकून राह्यले होते भाऊ' हे ऐकावं लागायचं.

नाक्यावर कागदावर चार पोलीस असत. त्यातला एक रजेवर, एक साहेबांच्या गाडीवर, एक भंडाऱ्याला बंदोबस्तात. उरायचे एकटे हवालदार. पन्नाशी ओलांडलेले, रोज वरठीहून मोटारसायकलने येणारे. चार पदरी रस्ता, ट्रकची रांग आणि हा एकटा माणूस. एकदा एक पोरगा कागद दाखवतो म्हणून गाडी चालूच ठेवून उभा राहिला आणि हवालदारांची पाठ वळताच सुसाट निघून गेला. तेव्हा ते मला म्हणाले, "भाऊ, तुमचा डावा हात रिकामाच असते. चावी तेवढी काढून ठेवत जा ना." आणि मागून एखाद्या ट्रकने मला उडवू नये म्हणून डिकीतलं जुनं पिवळं रिफ्लेक्टर जाकीट काढून दिलं, त्यांच्या स्वतःच्या अंगावर होतं तसंच. त्यांनी ते काळजीपोटी दिलं, यात मला कधीही शंका आली नाही. पुढे बाकी सगळ्याची आली.

गाडीची चावी अशी हिसकून घ्यायचा हक्क पोलिसालाही नाही, असं लोक म्हणत. त्यावर मोबाइलवर भांडणंही चालायची. मग मी तर कोणीच नव्हतो. पण चावी काढली की माणूस जागचा हलत नाही, चेहरा नीट मिळतो, मालक खूश होतो. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची गोडी लागली होती. चावी माझ्या मुठीत गेली की समोरचा मला 'साहेब' म्हणायचा. घरी, दारी, लग्नात मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी ते दुरुस्त करत नसे.

ती थंडीतली सकाळ होती. हवालदार एका ट्रकच्या केबिनकडे तोंड करून उभे होते. एक मुलगी मोपेडवरून आली, मागे मासळीची पाटी बांधलेली, पायात पळायचे बूट, डोक्याला ओढणी आणि हेल्मेट नाही. तिने गाडी हळू केली होती, थांबवली नव्हती. बहुतेक थांबणारच होती. मी पुढे झालो, उजव्या हातात कॅमेरा, आणि डाव्या हाताने चालत्या गाडीची चावी फिरवून काढून घेतली. गाडी धक्का खाऊन बंद पडली, हँडल वळलं आणि ती कडेला आडवी झाली. पाटी उलटली. काही मासळ्या जिवंत होत्या, त्या डांबरावर उड्या मारायला लागल्या.

मी दोन पावलं मागे सरलो. तिला उचलायला पुढे गेलो नाही, मागे सरलो, कारण मासळ्या आणि मुलगी एका चौकटीत बसत नव्हत्या. त्या दोन पावलांनी पुढचं सगळं घडवलं. आवाज ऐकून हवालदार धावत आले, त्यांनी तिचा दंड धरून उठवलं. तिने मान वर केली तेव्हा समोर पिवळ्या जाकिटातले ते एकटेच होते. तिने दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर धक्का दिला. ते बॅरिकेडवर आदळले, टोपी उडाली.

"चावी काहून काढली तुमी? गाडी चालू होती ना."

"मी कोठी काढली?" हवालदार म्हणाले.

दोघंही खरं बोलत होते. चावी माझ्या पँटच्या खिशात होती.

त्या गडबडीत चावी शोधूनही सापडली नाही, म्हणून मोपेड टेम्पोत टाकून ठाण्यात नेली. मला खिशातल्या चावीची आठवण राहिली नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसलो तेव्हा आठवलं, कारण पडद्यावर डाव्या बाजूने एक हात आत येत होता. पिवळ्या जाकिटातून निघालेली निळ्या चौकड्यांची बाही. हवालदारांचा शर्ट पांढरा. मी ती चार सेकंदं कापली. बातमी मुलीच्या धक्क्यापासून सुरू केली. मालकाने विचारलं, आधीचं काही नाही का? मी म्हटलं, सुरुवात हलली होती.

शनिवारी ते लागलं आणि रविवारी जिल्हाभर सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. पोलिसाला धक्का देणारी मुलगी. तिच्यावर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झाला.

ती कोण, हे मला मंगळवारी कळलं. तिचा बाप स्टुडिओच्या जिन्याखाली येऊन उभा होता. तलावातली मासळी धरून विकणारं घर. मुलगी पहाटे मैदानावर पळायची, मग बापाची मासळी बाजारात पोचवायची, मग अभ्यास. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा ती पास झाली होती, लेखीही चांगली गेली होती. वयाच्या अटीप्रमाणे ही तिची शेवटची भरती. यादीत नाव आलं तरी पुढे चारित्र्य पडताळणी असते, आणि अंगावर असा गुन्हा असलेल्या मुलीला पोलिसात कोण घेणार? बापाने भांडण केलं नाही. तो एवढंच विचारत होता की पोरगी चावी काढली म्हणते, तर ते तुमच्या टीवीत काहून नाही दिसत? मालकाने सांगितलं, कॅमेऱ्यात जेवढं आलं तेवढं दाखवलं. मी जिन्यात केबल गुंडाळत होतो. बाप माझ्या हातांकडे बघतोय असं मला वाटलं. तो केबलकडे बघत असेल.

मग चर्चा सुरू झाल्या. मालकाला ते सोन्याचं अंडं सापडलं होतं. दोन खुर्च्यांच्या खोलीत तीन माणसं बसवायची आणि विषय द्यायचा : पोलीस कमी की पोलीस उर्मट? निवृत्त मुख्याध्यापक म्हणायचे, एका माणसाच्या भरवशावर हायवे सोडल्यावर तो माणूस वसकणारच, आधी रिकाम्या जागा भरा. एक बाई बचत गटाच्या होत्या, त्यांनी विचारलं की नाक्यावर महिला पोलीस का नव्हती, मुलीचा दंड पुरुषाने धरायचाच कशाला? तिसरे ट्रकवाल्यांचे पुढारी. त्यांचं म्हणणं, जागा भरल्या तर अडवणारे हात वाढतील, दुसरं काय. तिघांचंही मला पटायचं. मी कॅमेऱ्यामागे उभा राहून बोलणाऱ्याच्या तोंडावर चौकट धरत होतो.

अशाच एका चर्चेत एक फोन आला. कोणी तरी तरुण मुलगा, पवनीकडचा. म्हणाला, तुमची क्लिप मधातूनच सुरू होते, त्याच्या आधीचं दाखवा. मालकाने थेट कार्यक्रमात माझ्याकडे मान वळवून विचारलं, "काहो भाऊ, आधीचं हाये का आपल्यापाशी?"

मी मान हलवली. नाही.

"कॅमेरामन नाई म्हणतात," मालक प्रेक्षकांना म्हणाला आणि चर्चा पुढे गेली. मी जिल्ह्याशी खोटं बोललो आणि त्यासाठी तोंडही उघडावं लागलं नाही.

चावी त्याच पँटच्या खिशात राहिली होती, ती बायकोला सापडली. धुण्यापूर्वी तिने खिसे तपासले. "ही कोनाची?" नाक्यावरची, राहिली, असं मी म्हटलं. तिने ती ओट्यावर ठेवली आणि पुन्हा धुण्याला लागली. पण चर्चा तीही बघत होती. दोन दिवसांनी म्हणाली, तो निळ्या चौकड्यांचा शर्ट तुम्ही घालत नाही हल्ली. मग मी घातला. तर त्याकडेही बघत राहिली.

चावी घरात ठेवण्यात धोका होता. फेकून द्यावी तर हात होईना, गाडी मुलीची होती. मग मला एक युक्ती सुचली, आणि ती माझ्यासारख्यालाच सुचू शकते. जप्त गाड्यांची बातमी करायची म्हणून मी ठाण्याच्या आवारात गेलो. गवतात ओळीने गाड्या उभ्या होत्या. शूटिंग करत करत तिच्या मोपेडजवळ गेलो आणि चावी तिच्या जागी लावून आलो. मला वाटलं, गाडी सुटेल तेव्हा चावी जागेवर असेल, मुलीला तिची वस्तू मिळेल, आणि विषय मिटेल.

झालं उलटंच. गाडी सोडवायला बाप आला तेव्हा त्याच्यासोबत गावातली चार माणसं होती आणि चौघांचेही मोबाइल चालू होते. पंचनाम्यात 'चावी मिळून आली नाही' आणि चावी तर गाडीलाच लटकलेली, तीही ठाण्याच्या आवारात. म्हणजे पोलिसांकडेच होती. म्हणजे हवालदार पहिल्या दिवसापासून खोटं बोलत होते. आठवड्याभरात हवालदार निलंबित झाले, चौकशी लागली. आमच्या चॅनलवर नवी चर्चा झाली, तिचंही शूटिंग मीच केलं.

मुलीचा गुन्हा मात्र तसाच राहिला. चावी कोणीही काढो, धक्का तर तिने दिला होता, असं पोलिसांचं म्हणणं. दरम्यान भरतीची तात्पुरती यादी लागली. तिचं नाव होतं.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला बोलावून मूळ चित्रण मागितलं. मी सांगितलं, ते कार्ड पुढच्या लग्नात वापरलं, पुसलं गेलं. हे खोटं होतं. लग्नाचं काम करणारा कोणी कार्ड पुसत नाही. घटस्फोट झाल्यावरही माणसं वरातीचे तुकडे मागायला येतात. कार्ड घरी, स्क्रूच्या डब्यात होतं. साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तेव्हापासून मला सगळेच संशयित वाटायला लागले. हवालदार माझं नाव का घेत नाहीत? नाक्यावर काय चालायचं ते त्यांना आणि मलाच ठाऊक होतं. ते कशाची वाट बघत आहेत? त्यांचा एक मिस्ड कॉल आला. मी उचलला नव्हता, आणि त्यांनी पुन्हा केलाही नाही. त्याने मी जास्तच घाबरलो. चहाच्या टपरीवर कोणी बोलायचं थांबलं की वाटे, माझंच चाललं होतं. मालकाने मला साधं विचारलं की चौकट का चुकते आजकाल, तर मी त्याच्याशीही दोन दिवस बोललो नाही.

एके दिवशी बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "हवालदार सरकारी मानूस हाये, आज ना उद्या लायनीवर येईन. थे पोरगी कोठी जाईन?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी चप्पल घातली.

तडक साहेबांकडे जायला हवं होतं. तेवढी हिंमत नव्हती, म्हणून वरठीला गेलो, हवालदारांच्या घरी. कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली आणि मोटारसायकलींच्या लोंढ्यातून उलटा गेलो. हवालदार अंगणात लुंगीवर बसून सुपात लाखोरीची डाळ पाखडत होते. बसा म्हणाले नाहीत.

"कॅमेरा आनला काय?"

नाही म्हटलं.

"मोबाइल बंद करा अन् तिथं भिंतीवर ठेवा."

ठेवला. त्यांनी उठून तो बंद आहे का ते स्वतः बघितलं. मग विचारलं, "चावी गाडीले तुमीच लावली ना?"

हो म्हटलं. ते म्हणाले, "मले वाटलं, मले अडकवायलेच लावली. स्वतः सुटायसाठी."

असं मी केलं नव्हतं. पण ज्याने मला जाकीट दिलं त्याने माझ्याबद्दल इतके महिने हेच धरलं होतं, आणि माझ्या वागण्यात त्याच्या उलट काहीच नव्हतं. मी विचारलं, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? ते म्हणाले, नाव घेतलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की जाकीट कोणी दिलं, खाजगी माणसाला नाक्यावर कोणी उभं केलं. चावी काढण्यापेक्षा तो गुन्हा मोठा. ते गप्प होते ते माझ्यासाठी नाही, आणि मी गप्प होतो ते त्यांच्यासाठी नाही. तिकडे मुलगी एकटीच बोलत होती.

मी म्हणालो की मी साहेबांकडे जाऊन सांगणार आहे, तुम्हाला विचारायला आलो. त्यांनी सूप थांबवलं. डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"त्या पोरीची पडताळणी कधी हाये?"

"येत्या सोमवारपासून."

"मंग तुमी इथं काय करून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी मी कार्ड घेऊन साहेबांसमोर बसलो. त्यांनी चित्रण लावलं. हात आत आला, चावी फिरली. हा हात तुमचा का? मी मान हलवली. ते म्हणाले, "मान हलवू नका. तोंडाने सांगा, लिहून घ्यायचं आहे." मी सांगितलं. त्यांनी शब्दशः लिहून घेतलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असं काही दिसलं नाही. हवालदाराने काय द्यायचं कबूल केलंय तुम्हाला, असं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मग मला तो शर्ट आणायला लावला.

दोन दिवसांनी त्यांनी मुलीला, तिच्या बापाला आणि हवालदारांना बोलावलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. मुलीला सांगितलं की चावी या माणसाने काढली होती. ती माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "सर, याईले हवालदारानंच पाठवलं असन." तिचं बरोबर होतं. सात महिन्यांनी पोलिसाला सोडवायला कोणी तरी उगवतो, त्यावर कोण विश्वास ठेवील?

साहेबांनी पडदा तिच्याकडे फिरवला. तिने बघितलं. "एकदा अजून लावा, सर." पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा मला कळलं की ती माझा हात बघतच नव्हती. ती स्वतःला बघत होती, दोन्ही हातांनी त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला ढकलताना. ती हवालदारांकडे वळली.

"काका, धक्का तं मी देल्लाच ना तुमाले."

हवालदार म्हणाले, "मी तुले दंड धरून उचलाले नव्हतं पायजे. बाई मानूस कोणी नव्हतीच तिथं." मग साहेबांकडे बघून म्हणाले, "अन् जाकीट मीच देल्लं होतं, सर. लिहून घ्या."

मुलीने साहेबांना विचारलं की आता पडताळणीत काय लिहाल. साहेब म्हणाले, जे समोर आलं ते. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. कधी लिहाल, कोणाकडे पाठवाल, जबाबाची नक्कल मिळेल का, असं तिने एकेक विचारून वहीत टिपून घेतलं. ती चांगली पोलीस होईल असं मला वाटलं. ते बोलून दाखवायचा हक्क माझा नव्हता.

बाहेर चिंचेखाली मी तिच्यासमोर उभा राहिलो. काय बोलायचं ते रस्त्यात ठरवून आलो होतो. बाप दुसरीकडे बघत होता. पण त्याआधी तिनेच विचारलं, "हे शूटिंग येवढे दिवस तुमच्याच घरी होतं?"

"हो."

"माझी शेवटची यादी लागेपर्यंत गाव सोडून कोठी जाऊ नका. सही-बिही लागली तं शोधत कोन फिरन?"

माझ्यावर गुन्हा दाखल झाला, तो अजून चालू आहे. चॅनलचं काम सुटलं. मालकाने कार्यक्रमही बंद केला आणि त्यावरही एक चर्चा घेतली. हवालदारांची चौकशी लांबली. साहेबांनी मला आणखी तीनदा बोलावलं, तीनदा गेलो, प्रत्येक पानावर सही केली. तुमसरच्या एका स्टुडिओने गोंदियाकडच्या लग्नांसाठी महिनाभर बोलावलं होतं. मी त्यांना सांगितलं, आता नाही जमत. कारण विचारलं तर तेही सांगितलं. त्यांनी दुसरा माणूस घेतला.

साहेबांनी पडताळणीत समोर आलेलं लिहून पाठवलं, आणि मग लागलेली शेवटची यादी मी स्वतः बघितली, मोबाइलवर, बायकोला शेजारी बसवून. नाव होतं. मुलीचा निरोप आला नाही, येणारही नव्हता. मी तरीही ती प्रशिक्षणाला रवाना झाल्याचं बाजारात कानावर येईपर्यंत, आणखी अकरा दिवस, लाखनीच्या बाहेर पाऊल टाकलं नाही.